नावड, अढी आणि आदिलाबादचा उंबरठा

पौष अमावास्येला केसलापूरला गेलेला मराठी माणूस पहिल्यांदा चुकतो तो रंगात. इंद्रवेल्ली मंडळातल्या या गावात मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. मेश्राम मंडळी जन्नारम भागातल्या हस्तिनमडुगूच्या डोहातून गोदावरीचं पाणी पायी आणतात, महापूजा होते, आणि मग कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. इथे त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. या सुना पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावरून पदर घेऊन रांगेने येतात. मराठी डोळ्याला ते खुपतं. नवी नवरी आणि पांढरं लुगडं? तेलुगू घरातून आलेली बाईसुद्धा क्षणभर थबकते, कारण तिच्या घरातही हा रंग वैधव्याचा. ज्यांच्या कुळाची जत्रा, त्यांना मात्र तो देवापुढे जाण्याचा पोशाख.

यात कुणाची नावड नाही आणि द्वेषही नाही. आपल्या घरचा शब्दकोश घेऊन दुसऱ्याच्या घरचं वाक्य वाचलं गेलं, एवढंच. कुणी समजावून सांगितलं की चूक सुधारते. पुष्कळ गोष्टी मात्र समजल्यावरही आवडत नाहीत: एखादा वास, एखादी चव, जेवताना होणारा आवाज, मोठ्याने बोलणं, अंगाला अंग लावून बसणं. ती नावड. आणि काही वेळा आवडीनिवडीचा प्रश्न कधीच मागे पडलेला असतो, माणूस समोर येण्याआधीच त्याच्याबद्दलचा निकाल तयार असतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, अढी. आंबे पिकायला गवतात घालतात तीही अढीच. दोन्ही झाकून ठेवल्या की आतल्या आत ऊब धरतात.

नावड, तिटकारा, किळस, आकस, अढी, पूर्वग्रह हे शब्द बोलण्याच्या ओघात आपण एकमेकांच्या जागी ठेवतो आणि त्याने दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. एखाद्याला नुसती सुकट आवडत नसली तरी तो जातीयवादी ठरतो. उलट, पिढ्यान्‌पिढ्यांचा बहिष्कार ‘आमची रीत वेगळी, बाकी काही नाही’ म्हणून सुटून जातो. दुसरं नुकसान फार मोठं आहे.

नावड कुठे संपते आणि अढी कुठे सुरू होते हा प्रश्न तपासून पाहायला आदिलाबादइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेशाचा आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाचा. भाषावार रचनेत जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर नांदेडकडची भैंसा, मुधोळ, कुबीर ही सर्कलं इकडे आली. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार झाले. २०११ च्या जनगणनेत त्या अखंड जिल्ह्यात २७ लाख ४१ हजार माणसं होती आणि त्यांतली सुमारे १८ टक्के अनुसूचित जमातींची. जैनद, बेला, तामसी, भीमपूर या सीमेलगतच्या मंडळांत घराघरांत मराठी आहे, उटनूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर बंजारांची गोरबोली, कचेरीत तेलुगू, बाजारात दख्खनी उर्दू. कापसाच्या हंगामात या सगळ्या भाषा एकाच वजनकाट्याभोवती उभ्या असतात. इथे कुणाचीच रीत सर्वांची नाही, प्रत्येकाची चालरीत कुणाला तरी खटकते.

पहिला खटका संबोधनाचा. मराठीत आई ‘तू’, वडील बहुतेक घरांत ‘तुम्ही’, आणि विठ्ठल पुन्हा ‘तू’. तेलंगणाच्या खेड्यातली तेलुगू ‘नुव्वु’, म्हणजे ‘तू’, वडीलधाऱ्यांनाही सहज म्हणते, त्यात उणेपणा नसतो. १९५६ नंतर किनारी आंध्रातून शिक्षक आणि कारकून आले. त्यांच्या तेलुगूत वाक्याच्या शेवटी आदराचं ‘अंडी’ आणि नावापुढे ‘गारु’. त्यांना इथली माणसं उद्धट वाटली. कान ज्या वळणाचा असतो त्या वळणाबाहेरचा शब्द टोचतो, इथवर हे समजण्यासारखं आहे. पण टोचणं तिथे थांबलं नाही. तेलुगू सिनेमात दीर्घकाळ नायक किनारी तेलुगू बोलला आणि तेलंगणाची बोली खलनायकाच्या नाहीतर विनोदी गड्याच्या वाट्याला आली. वर्गात मूल घरच्या बोलीत उत्तर द्यायला लाजू लागलं. वेगळ्या राज्याच्या चळवळीत पाणी आणि नोकऱ्यांइतकाच हा अपमानही बोलत होता. या बोलीची बाजू आयुष्यभर लावून धरणारे कवी काळोजी नारायणराव यांचे वडील मराठी आणि आई कन्नड होत्या. ९ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस तेलंगणा भाषा दिन म्हणून पाळला जातो. बोलीच्या अपमानाचं दुःख कळायला ती जन्माने आपली असावी लागत नाही.

मराठी माणसाने हे वाचून किनारी आंध्राकडे बोट दाखवण्याआधी मुंबई आठवावी. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली त्या काळात दाक्षिणात्यांविरुद्धच्या घोषणांचं लक्ष्य काय होतं? लुंगी. आणि त्यांची भाषा ‘यंडुगुंडू’ ठरली. तक्रार नोकऱ्यांची होती, तिच्यावर वाद घालता आला असता, पण ती कपड्यावर आणि उच्चारावर नेऊन ठेवली गेली. नेसण्याची तऱ्हा हा गुन्हा नसतो, म्हणून तिच्यावरून माणसाला हाकलण्याला नावड म्हणता येत नाही. मुंबईच्या कामाठीपुऱ्याचं नाव निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू बांधकाम मजुरांवरून पडलं. ज्यांनी शहर बांधलं, त्यांची आठवण भाषेत हलक्या कामाचा शब्द म्हणून उरली.

आणखी एक ‘तू’ आहे, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. डोंगरातून उतरलेला गोंड म्हातारा मोडक्या मराठीत दुकानदाराला ‘तू दे’ म्हणतो. परकी भाषा बाजारात शिकलेला माणूस आधी एकवचनच शिकतो. दुकानदार मात्र त्या सत्तर वर्षांच्या माणसाशी अरे-तुरे करतो, ते भाषा येत नाही म्हणून नव्हे. दोघांच्या तोंडी शब्द एकच. एकाचा अडचणीतून आला, दुसऱ्याचा ठरवून ठेवलेल्या दर्जातून. शिष्टाचाराचं पुस्तक दोघांना सारखंच दोषी धरील आणि तिथेच ते पुस्तक अपुरं पडतं.

निरोपाच्या वेळी मात्र हीच माणसं एकमेकांसारखी होतात. मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेलुगू माणूस म्हणतो ‘पोयोस्ता’, जाऊन येतो. उंबऱ्यावर ‘जातो’ हा शब्द अशुभ, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे आणि ते कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

लग्नाच्या बाबतीत खटका अधिक खोल जातो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा मानलं आहे. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे बहिणीशी लग्न. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, तिच्यावर हक्क सांगण्यापर्यंत चालते. पैनगंगा ओलांडली की काही तेलुगू जातींत सख्ख्या मामाने थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची रीत दिसते. मराठी कुटुंबात हे कळलं की चेहरे बदलतात. ‘भाचीशी? शी!’ हीच ‘शी’ उत्तरेकडचा माणूस आपल्या मामेबहिणीच्या लग्नाला म्हणतो हे त्या क्षणी आठवत नाही. प्रत्येक जण आपल्या दक्षिणेकडे पाहून नाक मुरडतो आणि उत्तरेकडून आपल्याकडे पाहून मुरडलेलं नाक त्याला दिसत नाही.

याचा अर्थ टीकाच करू नये असा नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नात मुलांना आनुवंशिक आजार होण्याची शक्यता वाढते. मामा-भाचीच्या लग्नात हा रक्तसंबंध सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या दुप्पट असतो. तेव्हा डॉक्टरने तेलुगू कुटुंबाला सावध केलं तर ते योग्यच. पण तोच डॉक्टर मराठी कुटुंबाला मामाच्या मुलीबद्दल त्याच आवाजात सावध करतो का, हे पाहायला हवं. आपल्या घरालाही तीच पट्टी लावली तर ती टीका. पट्टी फक्त शेजाऱ्यासाठी बाहेर निघत असेल तर तिला टीका म्हणवत नाही.

आता ताटाकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथेच होते. आदिलाबादच्या या भागात वादाचं कारण अन्न असायला नको होतं. ज्वारी सगळ्यांची. मराठी घरात तिची भाकरी होते, तेलुगू घरात जोन्न रोट्टे. अंबाडी सगळ्यांची, तेलंगणात ती पुंटिकूर. तरीही पंगतीत डोळे एकमेकांच्या हातावर जातात. एक जण बोटांच्या टोकांनी घास करतो, दुसरा भात आणि पातळ आमटी सगळ्या तळव्याने कालवतो. एकाला दुसरा नखरेल वाटतो, दुसऱ्याला पहिला गबाळा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास याने १९३९ मध्ये युरोपातल्या रीतीभातींचा इतिहास लिहिला. इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या शिष्टाचाराच्या पुस्तकापासून पुढे पाहत त्याने दाखवलं की शिसारीचा उंबरठा शतकागणिक वर चढत गेला. एकेकाळी दरबारी माणसंही जे सर्रास करत, ते पुढे ओंगळ ठरलं. बदलाची कारणं आरोग्याची कमी आणि दर्जाची जास्त होती. वरच्या थरातली माणसं आपलं वेगळेपण रीतीत जपतात, खालचे त्यांचं अनुकरण करतात, आणि दोन पिढ्यांनी ती रीत ‘स्वाभाविक’ वाटू लागते. मराठीत अशी यादी फार जुनी आहे. ‘दासबोधा’तली मूर्खलक्षणं वाचताना सतराव्या शतकातल्या मराठी समाजाला काय खटकत होतं ते लख्ख दिसतं. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये सांगितलं की घाण म्हणजे चुकीच्या जागी पडलेली वस्तू. चप्पल दारात असते तेव्हा चप्पल, ताटाशेजारी आली की घाण. म्हणजे किळस येणं हा आपल्या मनातल्या मांडणीचा पुरावा असतो, समोरच्या माणसाच्या मलिनतेचा असतोच असं नाही.

हे पटतं, पण इथवर आलेली मांडणी माळकरी माणसाचं काय करायचं ते सांगत नाही. सीमेलगतच्या गावांत पंढरीची वारी करणारी घरं आहेत. गळ्यात तुळशीची माळ, मद्य-मांस वर्ज्य. शेजारच्या गोंड गुड्यात, म्हणजे वस्तीत, देवाला मोहाची दारू वाहतात, बकरं कापतात, लग्नात तेच जेवण असतं. माळकरी शेतकरी आमंत्रणाला जातो, मांडवात बसतो, नवरा-नवरीला आहेर करतो आणि न जेवता उठतो. ही अढी आहे का? मला तसं वाटत नाही. नियम त्याचा आहे आणि भूक त्याने स्वतः सोसली. यजमानालाही हे कळतं. तो गूळ-शेंगदाणे पुढे करतो आणि पाहुणा ते खातो.

पण त्याच माणसाने तिथलं पाणी नाकारलं तर? पाण्यात मांस नसतं, दारूही नसते. माळेचं कारण पाण्याच्या लोट्याशी संपलं आणि नकार तरी चालूच राहिला. म्हणजे नकाराचं खरं कारण माळ नव्हतंच. मी ही कसोटी पुष्कळ ठिकाणी लावून पाहिली आणि ती क्वचित फसते. सांगितलेलं कारण जिथे संपतं, तिथे नकार संपतो का? घरमालक म्हणतो, मांसाहारी भाडेकरू नको, वास येतो. मग शाकाहारी बौद्ध किंवा बंजारा कुटुंब आलं तर खोली मिळते का? मिळत नसेल तर वास हे निमित्त होतं.

आणि हाच माळकरी घरी येऊन मुलाला म्हणाला की त्या गुड्यातल्या पोरांसोबत शाळेत बसू नकोस, तर पारडं पुरतं फिरतं. आता किंमत तो देत नाही, एक मूल देतं. नावडीची किंमत ज्याची त्याने द्यायची असते. ती दुसऱ्याच्या खात्यावर मांडली गेली की तिचं नाव बदलतं. वारीच्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या पायरीशी आहे आणि त्यांच्या जातीला आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. भक्तीची रीत मनापासून पाळणारी माणसंच शतकानुशतकं दुसऱ्याच्या खात्यावर खर्च टाकत होती.

मोहाच्या दारूबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ‘गोंड म्हणजे दारुडे’ हे वाक्य या जिल्ह्यात मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत सारख्याच सहजपणे बोललं जातं. व्यसनाने घरं मोडतात हे गोंड बायका स्वतः सांगतात, आणि त्यांचं सांगणं कुणापेक्षाही धारदार असतं. फरक असा की त्या आपल्या नवऱ्याबद्दल, आपल्या गावाबद्दल बोलतात आणि काही बदलावं म्हणून बोलतात. बाजारातलं वाक्य सगळ्या जमातीबद्दल असतं आणि त्यातून काहीच बदलावं अशी बोलणाऱ्याची इच्छा नसते.

पूर्वग्रहावरचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट याचं, १९५४ चं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: घाईने मत बनवणं हा माणसाचा स्वभाव आहे, पण नवी माहिती समोर आल्यावरही जे मत हलत नाही तो पूर्वग्रह. कसोटी चांगली आहे. केसलापूरची पांढरी साडी तिच्यात बरोबर बसते. पुढे हेन्री ताश्फेलने १९७० मध्ये दाखवलं की शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणाने दोन गट पाडले तरी ती आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागतात. दोन्ही संशोधनं मोलाची. पण आदिलाबादच्या इतिहासासमोर ती ठेवली की एक मोठी जागा मोकळी राहते. नवी माहिती का पोचत नाही? पुष्कळदा न पोचण्यात फायदा असतो म्हणून.

‘गोंडाला हिशेब कळत नाही’ हे मत घ्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या डोंगर-पठारावर मराठी आणि तेलुगू शेतकरी, सावकार, देशमुख आले. जमिनीचे पट्टे कागदावर होऊ लागले. कागद गोंडांना परका होता आणि कसलेली जमीन पाहता पाहता दुसऱ्याच्या नावावर गेली. १९४० मध्ये जमिनीसाठी लढणारा गोंड नेता कुमरम भीम जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारच्या सांगण्यावरून आलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाने मारलवाई गावात राहून जे लिहून ठेवलं, ते मराठी वाचकाने एकदा तरी नजरेखालून घालावं, कारण त्यात जमीन घेणाऱ्यांमध्ये आपली माणसं आहेत. ज्याला फसवलं त्याला ‘हिशेब कळत नाही’ म्हणणं हे निरीक्षण नव्हतं, ती सोय होती. तो भोळा ठरला की आपण चोर ठरत नाही. पुढे १९७० च्या पहिल्या विनियमाने अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासींकडे जमीन जाण्यावर बंदी आली, आणि तिची अंमलबजावणी मागणाऱ्या गोंडांच्या सभेवर २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक तो मानत नाहीत.

म्हणून रीतीभातींच्या चर्चेत सत्ता आणि जमीन आणावीच लागते. गोंडाला मराठी माणसाचा मोठा आवाज नावडतो, मराठी माणसाला गोंडाचा संथपणा नावडतो. भावना म्हणून दोन्ही सारख्या. पण गोंडाच्या नावडीने मराठी माणसाचं काही जात नाही. मराठी माणसाच्या नावडीने गोंडाची बटाई जाते, उधारी बंद होते, कापसाचा भाव पडतो.

तरी सत्तेचा हा नियमही सरळ लागत नाही, आणि २०१७ चा डिसेंबर त्याचा पुरावा आहे. तेलंगणातले लंबाडा, म्हणजे आपले बंजारा, १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातींत आले. पैनगंगेच्या उत्तर काठावरचा बंजारा विमुक्त जातींत आणि दक्षिण काठावरचा अनुसूचित जमातीत, अशी स्थिती झाली. शिक्षण आणि नोकरीत पुढे गेलेल्या लंबाडांनी आमचा वाटा घेतला, महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनीही इथे दाखले मिळवले, अशी गोंड-कोलामांची तक्रार साचत गेली आणि उटनूर भागात उसळली. ही तक्रार अढी नव्हे. कोणत्या यादीत कोण असावं हा कायद्याचा आणि आकड्यांचा प्रश्न आहे, तो मोठ्याने विचारण्याचा हक्क आदिवासींना आहे. पण त्याच दिवसांत काही गावांनी लंबाडा शिक्षक आमच्या शाळेत नको असं ठरवलं, तेव्हा रेषा ओलांडली गेली असं मला वाटतं. यादी त्या शिक्षकाने बनवली नव्हती. तो चांगलं शिकवतो की वाईट, हे कुणी विचारलं नाही. शतकभर सोसलेल्या माणसांनाही अढी धरता येते, हे लिहिताना हात जड होतो, पण न लिहिणं म्हणजे त्यांना पुन्हा भोळं ठरवणं होईल. २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने निजामकाळातलं हैदराबाद गॅझेट पुढे आलं आणि महाराष्ट्रातल्या बंजारांनीही त्याच्याच आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. हा वाद आता नदीच्या दोन्ही काठांवर आहे.

उपाय म्हणून नेहमी सांगितलं जातं की माणसांनी एकत्र यावं, सहवासाने अढी सुटते. ऑलपोर्टने स्वतः या विधानाला अटी घातल्या होत्या: दर्जा समान हवा, काम समाईक हवं, परस्पर सहकार्य हवं, आणि वरच्या व्यवस्थेचा पाठिंबा हवा. आठवडी बाजारात सहवास भरपूर आहे. शंभर वर्षांपासून आहे. पण वजनकाट्याच्या एका बाजूला नेहमी तीच माणसं आणि दुसऱ्या बाजूला नेहमी तीच. केरामेरीकडच्या परमडोली, अंतापूर, महाराजगुडा अशा १४ गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे दोन शाळा, दोन रेशनकार्डं, दोन्हीकडचं मतदान. सरकारं भांडतात आणि लोक दोन्ही भाषांत निभावून नेतात. त्या गावांतला सहवास बाजारातल्यापेक्षा मला आशादायक वाटतो, कारण गैरसोय सगळ्यांची सारखी आहे.

सहभोजनाबद्दल बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात स्पष्ट सांगितलं आहे की नुसतं एकत्र जेवून जात मोडत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. त्यांचं दुसरं निरीक्षण या जिल्ह्याला आणखी लागू पडतं: ही विषमता पायऱ्यापायऱ्यांची आहे, खाली ढकललेल्यालाही आणखी खाली पाहायला कुणीतरी मिळतं. हायमेनडॉर्फच्या नोंदींत ती पायरी दिसते. ज्यांना इतर जण खालचे मानत ते गोंड, प्रधानांच्या हातचं शिजवलेलं खात नव्हते.

प्रधान हे गोंडांचे भाट. किक्री नावाचं तंतुवाद्य वाजवून गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या, वीरांच्या कथा ते गातात. त्या कथा त्यांच्याच स्मरणात टिकल्या. त्या ते गोंडीत गातात, कारण यजमान गोंड आहे आणि देव गोंडी समजतो. घरी मात्र, चुलीपाशी, लेकराला निजवताना ते मराठी बोलतात. आदिलाबादच्या प्रधानांची मातृभाषा मराठी आहे.

१९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं, तेव्हा गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या, कारण जी थोडीफार अक्षरं गोंडांपर्यंत पोचली होती ती मराठीची होती. त्यानंतर शाळांतून गोंडी मागे पडली. २०१८ च्या कायद्याने तेलंगणाच्या सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली, आणि सीमेवरच्या मराठी शाळांचं काय होणार याची काळजी मराठी माणूस करतो. ती काळजी मलाही आहे. मी इथे राहून तेलुगू शिकलो, कारण कचेरीत लागते, आणि उर्दू कानावर पडून आली. गोंडी आली नाही, कारण तिच्यावाचून माझं काही अडलं नाही. इथले मराठी भाषिक किती, याची मोजदाद आम्ही चारचौघांत पुष्कळदा केली आहे. कुणबी धरले, माळी धरले, मराठा, बौद्ध, आंध धरले. प्रधानांचं नाव त्या बोलण्यात मी कधी ऐकलं नाही, आणि माझ्याही तोंडून ते निघालं नव्हतं.